सव्वातीनची सूचना

कॅमेरेवाला सोमवारी येतो म्हणाला आणि मंगळवारी सकाळी दहाला आला. त्या धंद्यात यालाच वक्तशीर म्हणत असावेत. खांद्यावर घडीची शिडी, पाठीवर सॅक, आणि तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही.

काम साधं होतं. काकूंच्या घरात तीन कॅमेरे होते. एक फाटकावर, एक पॅसेजमध्ये आणि एक हॉलमध्ये. गल्लीत लागोपाठ चोऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या मुलाने बसवून घेतले होते. मुलगा दुसऱ्या शहरात, बायकोमुलीसह. इथे काही हललं की तिथे त्याच्या मोबाइलवर सूचना जायची, सोबत फोटो. अलीकडे या सूचना फार झाल्या होत्या. मीटिंग चालू असताना खिशात नुसती गुणगुण चालते, डोकं उठतं, असं त्याने कॅमेरेवाल्याला फोनवर सांगितलं होतं.

"दिवसाला त्र्याण्णव अलर्ट जातात, काकू," कॅमेरेवाला शिडीवरून म्हणाला. "माणूस वेडा होईल."

"त्र्याण्णव? अरे, मी दिवसभरात एवढी हलतसुद्धा नाही."

"तुमचं नाही हो. फांदी हलते, पडदा हलतो, पाल पळते. हे बघा, कोळ्याने तर कॅमेऱ्यावरच संसार थाटलाय. याला सगळं सारखंच. बिनडोक पहारेकरी. पान पडलं तरी बोंब, चोर आला तरी बोंब."

काकू हसल्या. गल्लीत त्यांना 'एक्स्चेंजच्या काकू' म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि घंटी वाजली की जीव थाऱ्यावर येतो अशी सवय हाडात मुरलेली होती. त्यांना या सूचनांचा त्रास नव्हता. सूचना गेली की कॅमेऱ्याच्या कडेला एक निळा ठिपका उजळायचा, आणि ठिपका उजळला की पोराने आपल्याला पाहिलं असं त्या धरून चालत. खरं सांगायचं तर कधीकधी त्या मुद्दाम पडदा हलवायच्या. मग फोन यायचा. "आई, खिडकी लाव ना, पडदा किती हलतोय!" तेवढंच बोलणं, पण दिवस सार्थकी लागायचा.

कॅमेरेवाल्याने जाळं पुसलं. मोबाइलवर फाटकाचं चित्र उघडून बोटाने फांदीभोवती चौकोन काढला, म्हणजे त्या चौकोनातलं हलणं आता मोजायचं नाही. मग 'फक्त माणसं' असं काहीतरी दाबलं. शेवटी काकूंचा एक फोटो काढला.

"हा कशाला?"

"ओळखीच्या माणसांच्या यादीत टाकतो. नाहीतर तुम्ही चहाला उठलात तरी साहेबांचा फोन वाजणार. आता अनोळखी माणूस दिसला तरच वाजेल." तो मोबाइलवर बोट सरकवत राहिला. "एक कळत नाही. पॅसेजमध्ये रोज दुपारी सव्वातीनला एक अलर्ट जातो. अगदी रोज. आणि तेवढेच फोटो साहेबांनी पुसून टाकलेत."

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"उन्हाची तिरीप असेल," कॅमेरेवाला म्हणाला. "आता नाही त्रास द्यायची." आणि तो गेला.

सव्वातीन. त्या घरात ही वेळ सांगावी लागत नसे.

काकूंचा नवरा कारखान्यात फोरमन होता. पहिली पाळी तीनला सुटायची आणि सव्वातीनला तो घरात असायचा. नाल ठोकलेले बूट, अंगाला मशीनच्या तेलाचा वास, आणि आज कशावरून बिनसेल याचा नेम नाही. रेडिओ लागलेला दिसला, म्हणून एकदा काकूंचा हात दारात चेमटवला होता. कुणाच्या पत्राला उत्तर लिहिलं, म्हणून एकदा दिवसभर मोरीत कोंडलं होतं. पोरगा सात वर्षांचा होता तेव्हाच त्याने पहारा शोधून काढला. शाळा सकाळची, काकूंची ड्युटीही सकाळचीच. तीन वाजले की तो खिडकीत उभा राही. बाप कोपऱ्यावर वळला की हातातला चमचा फरशीवर टाकायचा. एकदा पडला तर नुसते येताहेत. दोनदा पडला तर चाल वाईट आहे, आई, सांभाळ. अकरा वर्षं काकूंनी त्या चमच्याच्या भरवशावर काढली. माझ्या पोराने मला जिवंत ठेवलं, असं त्या मनाशी म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

फोरमन हॉलमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला, त्याला नऊ वर्षं झाली. कुणी रडलं नाही. खुर्ची चांगली भक्कम होती म्हणून तेवढी ठेवली.

मंगळवारनंतर घर एकदम गप्प झालं. ठिपका उजळेना. काकूंनी बुधवारी पडदा हलवून पाहिला, गुरुवारी सबंध हॉल दोनदा झाडला, खुर्च्या सरकवल्या. काही नाही. आपण ओळखीच्या झालो म्हणून आपल्याकडे बघायची कुणाला गरज उरली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मुलाचा फोनही आला नाही.

शुक्रवारी दुपारी त्या हॉलमध्ये मटार सोलत बसल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं. पॅसेजमध्ये मात्र त्या वेळी नेहमीच थोडा अंधार असायचा, जुन्या कपाटात असतो तसा. आधी वास आला. मशीनचं तेल, तापलेलं लोखंड... काकूंनी शेंग हातात तशीच धरली. मग बूट वाजला. नालेचा, फरशीवरचा, कोरडा आवाज. एक. थोड्या वेळाने दुसरा. घाई नसलेल्या माणसाचा.

आवाज पॅसेजच्या मध्यावर येऊन थांबला.

काकूंनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. ठिपका काळाच होता. कुणीच नाही म्हणायचं मग, त्या स्वतःला म्हणाल्या. माणूस असता तर वाजलं असतं.

शनिवारी पावलं हॉलच्या दारापर्यंत आली. रविवारी काकूंनी रेडिओ लावून ठेवला, सोबत म्हणून. सव्वातीनला कुणीतरी बटण पिळावं तसा तो खट्‌ करून बंद झाला. त्यानंतर खुर्चीची स्प्रिंग करकरली आणि गादी हळूहळू खाली दबली. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, जशा पूर्वी राहायच्या, हात पुढे जोडून, नजर खाली. साठी उलटून गेलेली बाई, पण शरीराने काहीही विसरायचं नाकारलं होतं. पंधरा मिनिटांनी गादी वर आली.

त्यांनी मुलाला फोन लावला.

"अरे, दुपारी तुझ्याकडे काही आलं का? सव्वातीनला?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "नाही गं आई. काही नाही. आता सगळं शांत आहे."

काकूंनी फोन ठेवला. तीस वर्षं हजारो माणसांचे 'नाही' त्यांच्या कानावरून गेले होते. साहेब घरी नाहीत, पैसे पोचले नाहीत, मी तसं म्हणालोच नाही. त्या 'नाही'च्या आधी जी एवढीशी जागा रिकामी पडते ती त्यांना अंधारातही ओळखता येत होती. पोटच्या पोराच्या तोंडून ती ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली.

सोमवारी त्यांनी कॅमेरेवाल्याला स्वतः बोलावलं. नवल म्हणजे तो त्याच दिवशी आला, अडीचला.

"सगळं होतं तसं करून दे," काकू म्हणाल्या. "पान हललं तरी वाजू दे."

"का हो? उलट लोक माझ्या पाया पडतात शांतता झाली की." त्याने मोबाइल उघडला. "बरं झालं, साहेबांचं खातं अजून माझ्या फोनवर उघडं आहे. काम झाल्यावर बंद करायला विसरलो... पण काकू, पॅसेजमध्ये कुणी माणूस आला असता तर वाजलंच असतं. ओळखीचा नसेल तर."

"ओळखीचं कोण कोण आहे?"

"तुम्हीच. एकट्या, 'आई' नावाने." त्याने यादी उघडली आणि थांबला. "नाही, दोघं आहेत. दुसरं नाव मंगळवारी संध्याकाळी साहेबांनी घातलंय. तुमच्याकडे पाहुणे आलेत का? आधी सांगायचं ना, आजोबा झोपले असतील तर मी हळू बोललो असतो."

त्याने मोबाइल पुढे केला.

फोटो पॅसेजचा होता, वरून घेतलेला. फोरमन भिंतीला एक हात टेकवून उभा होता आणि मान मागे टाकून थेट कॅमेऱ्यात बघत होता. चेहरा शेवटच्या दिवशी होता तसाच, राखाडी. खाली लिहिलं होतं, 'बाबा'. त्याखाली, 'सूचना नको'.

"रोजचे दिसतात," कॅमेरेवाला सांगत राहिला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "आठ महिन्यांपासून. अॅप प्रत्येक वेळी विचारतं, या माणसाला ओळखता का? साहेबांनी दोनशे एकेचाळीस वेळा 'नंतर विचारा' केलंय. मंगळवारी 'हो' म्हणाले."

काकूंनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटणारच होती. पण त्या क्षणी आत जे तुटलं ते भीतीने नव्हे. म्हणजे फांदी नव्हती, पडदा नव्हता, पाल नव्हती. त्र्याण्णव सूचनांचा पोराला त्रास नव्हताच. एकाच सूचनेचा होता. ती त्याने ओळखली, तिला नाव दिलं, आणि आपल्या आईला त्या घरात ठेवून ती बंद केली.

त्यांनी फोन लावला. या वेळी विचारलं नाही.

"तू पाहिलंस त्यांना."

पलीकडून श्वासाचा आवाज आला. "आई..."

"आठ महिने पाहिलंस."

"रोज यायचे. उभे राहून वर बघायचे... माझ्याकडे. मी बघत राहिलो की पुढे येत नसत, तिथेच थांबत. मी रोज सव्वातीनला काम टाकून बघत बसायचो, आई. बाथरूममध्ये जाऊन. कुणाला सांगू?"

"मला सांगायचं."

"सांगून काय केलं असतंस?"

"निघून आले असते! तुझ्याकडे आले असते!"

तो काही बोलला नाही. काकूंना उत्तर मिळालं. आई त्याच्याकडे आली असती, तर सव्वातीनही तिच्यामागे आलं असतं.

"सात वर्षांचा होतो मी," मुलगा अखेर म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "सगळी पोरं ग्राउंडवर असायची. मी खिडकीत. अकरा वर्षं. मला आता नाही होत. ते तुझ्यासाठी येतात, आई. माझ्यासाठी नाही."

त्याने फोन ठेवला. चटका बसावा तसा काकूंनी मोबाइल पटकन टेबलावर टाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. लहानपणी पोराने जो पहारा केला तो आनंदाने केला असंच त्या आजवर समजून होत्या.

कॅमेरेवाल्याची बडबड कधीच बंद पडली होती. त्याने भिंतीवरच्या, हार नसलेल्या पण खाली मृत्यूची तारीख लिहिलेल्या फोरमनच्या फोटोकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, तुमचा फोन द्या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हे खातं तुमच्या फोनवर लावून देतो. साहेबांच्या फोनवर त्यांनी ठरवलंय तसंच राहील. तुमच्यावर मात्र सगळं वाजेल. ओळखीचा असो, अनोळखी असो, कुठल्याही कॅमेऱ्यासमोर असो."

काम चोख होतं. तीन वाजून चौदा मिनिटांनी त्याने फोन काकूंच्या हातात दिला. "झालं. आता चला इथून. मी सोडतो तुम्हाला, कुठे म्हणाल तिथे."

"थांब," काकू म्हणाल्या. "वास येतोय?"

त्याने नाकाला रुमाल लावला. येत होता.

बूट या वेळी पॅसेजमध्ये रेंगाळले नाहीत. चार पावलं, सरळ. मग खुर्ची करकरली. दोघंही तिकडे पाठ करून उभे होते आणि दोघांपैकी कुणाचीही मागे वळायची छाती झाली नाही.

काकूंच्या हातातला फोन वाजला.

हॉल. ओळखीची माणसं. आणि चित्र. त्यात काकू होत्या, कॅमेरेवाला होता, शिडी होती. त्यांच्या मागे खुर्चीत फोरमन बसला होता, हात गुडघ्यांवर, मान वर. कॅमेऱ्यात बघत. जणू फोटो काढायला बसला होता.

"हलू नकोस," काकू कुजबुजल्या. "आपण बघतोय तोवर तो उठत नाही... नुसता बघत राहा."

चित्रावरून नजर न काढता दोघं एकेक पाऊल दाराकडे सरकले. चित्रातली दोन माणसंही सरकत होती. तिसरा बसून होता. कॅमेरेवाल्याचा खांदा शिडीला लागला, ती आपटली, आणि त्या आवाजाने काकूंची पापणी लवली. एवढंच. पुन्हा पाहिलं तर फोरमन उभा होता.

मग मात्र ते धावले. शिडी आत राहिली. कॅमेरेवाल्याने ती परत मागितली नाही.

काकू मैत्रिणीकडे गेल्या. ही एक्स्चेंजमधलीच, शेजारच्या खुर्चीवरची. हेडफोनची गरजच नाही असा आवाज, म्हणून अख्खं ऑफिस तिला 'ट्रंककॉल' म्हणायचं. तिने काही विचारलं नाही. खोली दिली, अंथरूण दिलं, आणि पहिल्यांदाच आयुष्यात हळू बोलली.

मंगळवारी दुपारी काकू तिच्या गच्चीत बसल्या होत्या. ऊन छान होतं. खाली कुणीतरी सायकल धूत होतं. फोन मांडीवर होता. आपलं घर आता रिकामं आहे, त्यांच्या मनात आलं. फोरमन सव्वातीनला येईल, पॅसेज बघेल, हॉल बघेल. कुणी नाही दिसलं की काय करेल? आणि त्याच वेळी, अगदी स्पष्ट, एखादं वाक्य कुणी कानात बोलावं तसं त्यांना वाटलं: जाऊ दे पोराकडे. कळू दे त्यालाही.

असं आपण म्हणालो? त्यांनी जीभ चावली. पण विचार मनात येऊन गेला होता, आणि तो खोटा नव्हता; आपल्यातूनच कुणीतरी उठून फोरमनच्या मागोमाग निघालं असं त्यांना वाटलं.

फोन वाजला.

'मुख्य दार', असं लिहिलं होतं. काकूंना क्षणभर उलगडेना. त्यांच्या घरच्या कॅमेऱ्यांत असं नाव नव्हतं. मग चित्रातली पायपुसणी ओळखू आली, फुलं विणलेली. ती त्यांनीच विणून नातीला पाठवली होती. त्याच खात्यावर चौथा कॅमेरा होता. मुलाच्या घरचा.

पायपुसणीवर फोरमन उभा होता.

काकूंनी मुलाला फोन लावला. तो त्या दिवशी घरूनच काम करत होता, सकाळी काकूंनी ट्रंककॉलच्या फोनवरून सुनेला विचारलं तेव्हा तिने तसं सांगितलं होतं. घंटी दोनदा वाजली आणि कट झाली. त्याला काही कळलंच नसणार. ओळखीच्या माणसांची यादी सगळ्या कॅमेऱ्यांना एकच असते, आणि त्या यादीत त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, सूचना नको.

पुन्हा लावला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा लावेपर्यंत मेसेज आला: 'आई प्लीज. मीटिंगमध्ये आहे. आज नको.'

"उचल रे," काकू म्हणाल्या. "उचल, सोन्या... उचल..."

सुनेला लावला. बंद. फोन पुन्हा वाजला, पण तो कुणाचा नव्हता, सूचनेचा होता. मुख्य दार. दार आता उघडं होतं, आत नातीची चप्पल दिसत होती, आणि उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

ट्रंककॉल चहा घेऊन वर आली. "काय गं? काय झालं? इतकी पांढरी का पडलीस?"

काकूंनी फोन तिच्या हातात दिला. ट्रंककॉलने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि चित्राखालची ओळ मोठ्याने वाचली, नेहमीच्या सवयीने, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशी.

"आत गेलेल्या ओळखीच्या व्यक्ती, दोन. बाबा... आणि आई."